आत्ययिक अवस्था आणि आपला पहिला अर्धा तास

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील वेतनविषयक एका प्रकरणात निर्णय दिला. शासकीय सेवेतील आयुर्वेदिक वैद्यकीय अधिकाऱ्यांना एम.बी.बी.एस. अधिकाऱ्यांच्या बरोबरीने वेतन मागता येणार नाही, असे सांगताना न्यायालयाने जी कारणे दिली त्यांत एक कारण असे होते, की तातडीची सेवा आणि अपघातग्रस्तांवरील उपचार आधुनिक वैद्यकाचे चिकित्सक ज्या प्रकारे करतात, त्या प्रकारे आयुर्वेदाच्या चिकित्सकांना ते करता येत नाहीत. वेतनाचा प्रश्न बाजूला राहिला आणि हे एक वाक्यच आपल्यापैकी बहुतेकांच्या जिव्हारी लागले. आमच्या तालुक्याच्या बैठकीत त्यावर दोन तास चर्चा झाली. मीही तावातावाने बोललो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, त्या गाड्यांमध्ये रुग्णाच्या उशाशी बसून रात्री-अपरात्री घाट उतरणारे डॉक्टर मोठ्या संख्येने बी.ए.एम.एस. आहेत, मग आम्हांला तातडीची सेवा जमत नाही हे कोणत्या आधारावर म्हणायचे, असा माझा मुद्दा होता. टाळ्याही मिळाल्या.

तो मुद्दा खरा आहे आणि मी तो मागे घेत नाही. मात्र त्या रात्री घरी परतताना मला २००७ सालच्या श्रावणातील एक पहाट आठवली, आणि टाळ्यांचे मला काहीसे ओशाळे वाटले.

व्यवसायास आरंभ करून मला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पहाटे पाचच्या सुमारास एका शेतमजुराने आपल्या सोळा वर्षांच्या मुलास चिकित्सालयात आणले. पोटात मुरडा, दोन उलट्या, घसा दुखतो, अंग मोडल्यासारखे वाटते, अशा तक्रारी. रात्री गावात वाढदिवसाचे जेवण होते. नाडी किंचित द्रुत, उदर मृदू, ज्वर नाही. मी अजीर्ण असे निदान केले, शंखवटी दिली, कोमट पाणी प्यावयास सांगितले आणि बाकावर पडून राहण्यास सुचविले. पाऊण तासाने वडिलांनी हाक मारली, "डॉक्टरसाहेब, पोरगं डोळं उघडंना." मुलाच्या दोन्ही पापण्या मिटत चालल्या होत्या. बोलणे नाकात जात होते, लाळ गिळता येत नव्हती. तेव्हा मी विचारले, रात्री कोठे झोपला होता? जमिनीवर, गोठ्यालगतच्या खोलीत. दंशाची खूण शोधूनही सापडली नाही. मण्यार होती. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूण दिसत नाही, वेदना नसते, आणि झोपेतल्या माणसास जागही येत नाही. जाग येते ती पोटदुखीने.

जीप मिळेपर्यंत आणखी वीस मिनिटे गेली. ग्रामीण रुग्णालय तेवीस किलोमीटरवर होते. वाटेत त्याचा श्वास उथळ होत गेला आणि थांबला. मी तोंडाने श्वास देण्याचा प्रयत्न केला, पण धावत्या जीपमध्ये मान कशी धरावी, हनुवटी किती उचलावी हे मी केवळ पुस्तकात वाचलेले होते. ज्या साध्या रबरी पिशवीने त्या मुलास तासभर सहज श्वास देता आला असता ती अंबू बॅग माझ्या चिकित्सालयात नव्हती. मण्यारीचे विष श्वसनाचे स्नायू लुळे करते. हृदय बराच काळ चांगले चालत असते. कोणीतरी बाहेरून श्वास देत राहिले तर असा रुग्ण वाचू शकतो, नंतर पूर्ववत चालू-फिरू लागतो. तो मुलगा रुग्णालयात पोहोचला नाही.

चरकाचार्यांनी सांगितलेले विषचिकित्सेचे चोवीस उपक्रम मला तेव्हा तोंडपाठ होते. अंतिम वर्षाच्या परीक्षेत ते मी लिहूनही आलो होतो.

ही घटना सोळा-सतरा वर्षे मी कोणास सांगितली नव्हती. आज लिहिण्याचे कारण इतकेच, की न्यायालय काय म्हणते याचे उत्तर निवेदनांनी देण्यापूर्वी आपल्या टेबलाचे खण उघडून पाहावेत असे मला वाटते. माझ्या मते प्रश्न 'आयुर्वेदात आत्ययिक चिकित्सा आहे की नाही' हा नाहीच. तो प्रश्न परिसंवादासाठी ठीक आहे. गावात, वाडीत, तालुक्याच्या पेठेत रुग्ण प्रथम कोणाच्या दारात येतो? तो आपल्या दारात येतो, किंवा आपल्या औषधालयाच्या फळीसमोर उभा राहतो. पहिला अर्धा तास आपल्याकडे आहे, तो आपण मागितलेला असो वा नसो. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की प्राण वाचविण्यासाठी तातडीचे साहाय्य देणे हे शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. त्यात पदवीनुसार सूट दिलेली माझ्या वाचनात नाही.

शास्त्राची बाजू घेऊन काही वैद्यमित्र म्हणतील, की आपल्या आचार्यांनी मर्मविचार सांगितला, सुश्रुतांनी एकशे सात मर्मे मोजली, त्यांतील एकोणीस सद्यःप्राणहर म्हणून वेगळी काढली. शिर, हृदय आणि बस्ति या तीन मर्मांना चरकांनी स्वतंत्र अध्याय दिले. हे सर्व खरे आणि अभिमानास्पद आहे. पण या अभ्यासाचा आपण व्यवहारात काय उपयोग करतो? इंद्रियस्थानाचे बारा अध्याय घ्या. मरणासन्न रुग्णाचा वर्ण, स्वर, गंध, श्वास, दृष्टी यांचे इतके बारकाईने केलेले निरीक्षण त्या काळात अन्यत्र क्वचितच सापडेल. त्या काळी त्याचा हेतू असाध्य रुग्ण ओळखून यश आणि अर्थ यांची हानी टाळणे, हा होता. हाती दुसरा उपायच नव्हता, त्यामुळे तो योग्यही होता. आज तीच लक्षणे दिसली तर त्यांचा अर्थ 'हा रुग्ण घेऊ नये' असा न करता 'हा रुग्ण या मिनिटास हलवावा' असा केला पाहिजे. निरीक्षण तेच, निष्कर्ष वेगळा. सर्वांगाला सुटलेला थंड घाम, ओठांची निळसर झाक, एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागणे, चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, हाक मारल्यावर उशिराने येणारे उत्तर : यांतील काहीही दिसण्यास यंत्र लागत नाही. दर्शन आणि प्रश्न या परीक्षा आपल्या आहेत. त्यांत आपण कच्चे असण्याचे कारण नाही.

आणि जेथे शास्त्रातील उपक्रम आजच्या ज्ञानाने घातक ठरला आहे तेथे ते स्पष्ट बोलण्याचे धैर्यही आपल्यातच हवे. दंशाच्या वर चार अंगुळे बांधावयाची अरिष्टा घ्या. (आपल्या शास्त्रात मृत्यूसूचक लक्षणही अरिष्ट, बंधही अरिष्टा आणि द्राक्षारिष्टही अरिष्टच! विद्यार्थ्यांची तारांबळ उडते ती उगीच नव्हे.) घोणस किंवा फुरसे चावल्यावर हा बंध घट्ट बांधला तर विष त्या अवयवातच कोंडून मांस सडण्याचा धोका वाढतो, आणि बंध एकाएकी सोडला तर साचलेले विष एकदम शरीरभर पसरू शकते. छेद देणे, चोखणे, डाग देणे यांचीही तीच गत. रक्त न गोठण्याच्या अवस्थेत छेद दिलेला रुग्ण वाटेतच रक्तस्रावाने जाऊ शकतो. आज करावयाचे ते अगदी थोडे आहे : रुग्णास चालू न देणे, दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीस सैल बांधून स्थिर ठेवणे, अंगठी-कडे-पैंजण काढणे, तोंडाने काहीही न देणे आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयाकडे निघणे. गावकऱ्यांनी आधीच दोरी आवळून आणलेला रुग्ण आला तर ती घाईने कापू नये. श्वासास आधार देण्याची तयारी असलेल्या ठिकाणीच ती सोडावी. पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या रुग्णाच्या पापण्या मी आता दर दहा मिनिटांनी पाहतो. छताकडे टक लावून पाहा, असे सांगितले की पापणी थकते का ते लगेच कळते.

विंचूदंशाविषयी वेगळे लिहावयास हवे, परंतु एक गोष्ट येथेच नमूद करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील खेड्यांत, साधनांच्या टंचाईत काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचे तासन्‌तास निरीक्षण केले आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग जगापुढे मांडला. मोठे रुग्णालय पाठीशी नसताना रुग्णाजवळ बसून राहण्याचे ते फळ होय. ग्रामीण वैद्याने हेवा करावा असे हे उदाहरण आहे.

आता औषधालयचालक मित्रांशी थोडे बोलतो, कारण माझ्या मते उरोवेदनेचा पहिला चिकित्सक बहुधा तेच असतात. रात्री साडेनऊ वाजता पन्नाशीचा गृहस्थ येतो. "छातीत जळजळतंय, गॅस झालाय, काहीतरी द्या." आपण अविपत्तिकर देतो, सूतशेखर देतो किंवा हिंगाष्टक पुढे करतो. दहांपैकी आठ-नऊ वेळा ते योग्यही असते, आणि तेथेच सवय लागते. ज्या एका रुग्णास हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे जळजळत असते तो पुडी घेऊन घरी जातो, अंथरुणावर पडतो, आणि सकाळी आपल्याला बातमी कळते. पुडी बांधण्यापूर्वी मान वर करून त्याच्याकडे पाहावे, एवढीच विनंती. घाम फुटला आहे का? दुखणे छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे आहे का, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते का? चालत दुकानापर्यंत येताना वाढले का? पूर्वी असे कधी झाले होते का, मधुमेह आहे का? मधुमेही, वयोवृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखणे नसूनही हा आजार असू शकतो. केवळ दम लागणे, अकारण गळाठा, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता एवढेच असते. एकाही उत्तराने शंका आली तर पैसे परत करावेत, त्यास खुर्चीवर बसवावे आणि १०८ वर दूरध्वनी करावा. घरी चालत जाऊ देऊ नये, दुचाकीवर तर मुळीच नाही. ज्यांच्याकडे आधुनिक औषधांचा परवाना आहे त्यांनी जवळच्या डॉक्टरांस बोलावून, अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा चालू रक्तस्राव नाही याची खात्री करून, तीनशे ते सव्वातीनशे मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खाण्यास देण्याची व्यवस्था ठेवावी. जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नये. रक्तदाब आधीच उतरलेला असला, किंवा रुग्णाने लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असली, तर ती प्राणावर बेतू शकते. हा दुसरा प्रश्न विचारण्यास आपल्याकडे सगळेच संकोचतात, विचारावा.

वैद्यांनीही या बाबतीत स्वतःस फसवू नये. नाडीपरीक्षेने हृद्रोगाची कल्पना येत असेल, पण रक्तवाहिनी आत्ता बंद झाली आहे की नाही हे ई.सी.जी. सांगतो, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत निघावा असा आज सर्वत्र आग्रह आहे. पहिला ई.सी.जी. स्वाभाविक आला म्हणून रुग्णास घरी पाठवणे हीसुद्धा चूकच. अर्जुनारिष्ट, प्रभाकर वटी, बृहत् वातचिंतामणी यांना आपापले स्थान आहे. ते स्थान या तासात नाही.

येथे हेमगर्भाचा विषय काढणे भाग आहे. जुन्या घरांतून हेमगर्भाची मात्रा जपून ठेवलेली असे, आणि माणूस जाऊ लागला की ती मधात किंवा आल्याच्या रसात उगाळून जिभेवर लावीत. माझ्या आजीला ती दिलेली मी लहानपणी पाहिली आहे. त्या मात्रेवरील श्रद्धा मी समजू शकतो, तिची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण ज्या रुग्णास गिळता येत नाही, ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्या तोंडात मध, पाणी, साखर, मात्रा काहीही घातले तर ते श्वासमार्गात जाऊ शकते. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिले आहे. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळलेले : यांतील एक जरी लक्षण अचानक उद्भवले तर रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहावी, रक्तशर्करा पाहावी आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी धाडावे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते साडेचार तास गावातून निघण्यातच संपतात. स्कॅनपूर्वी अॅस्पिरिन नको, रक्तदाब उतरविण्याची घाई नको. शर्करा का पाहावयाची? कारण मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलेला रुग्ण हुबेहूब पक्षाघातासारखा दिसू शकतो आणि शिरेतून ग्लुकोज जाताच उठून बसतो.

आता सर्वांत अडचणीचा विषय. आपल्यापैकी बरेच जण इंजेक्शने देतात. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ आणि त्याखालील अधिसूचना यांनुसार आपली मर्यादा कोणती हे प्रत्येकाने स्वतःच्या नोंदणीनुसार पडताळलेले असेलच. पण जो सुई टोचतो त्याच्याकडे तिच्या परिणामास तोंड देण्याची तयारी हवी की नको? इंजेक्शननंतर, किंवा मधमाशी-गांधीलमाशी चावल्यावर, काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, घरघर सुरू होते, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी आपल्याकडे एव्हिल आणि डेक्सामिथॅसोन टोचण्याची पद्धत पडली आहे. एव्हिलने खाज कमी होते; डेक्सामिथॅसोनचा परिणाम दिसण्यास तास लागतात. रुग्णाकडे तितका वेळ नसतो. पहिले औषध अॅड्रेनलिन, आणि तेही मांडीच्या बाहेरील मध्यभागी स्नायूत : प्रौढास एक हजारात एक या प्रमाणाचे अर्धा मिलिलिटर, मुलांस दर किलो वजनामागे एक शतांश मिलिलिटर, पाच मिनिटांत सुधारणा नसल्यास पुन्हा. रुग्णास आडवे ठेवून पाय उंच करावेत (दम फार असेल तर बसते ठेवावे), आणि तो बरे वाटते म्हणून उठू लागला तरी त्यास उभे राहू देऊ नये. गेल्या दिवाळीनंतर मी ओळखीच्या अकरा चिकित्सालयांत सहज चौकशी केली. अॅड्रेनलिन चौघांकडे होते, त्यांतील दोघांकडील मुदत संपलेली होती. उरलेल्यांपैकी एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "भीती वाटते हो, हृदय बंद पडेल." अॅड्रेनलिन स्नायूत योग्य मात्रेत दिल्याने जितके बिघडते त्याहून फार अधिक ते न दिल्याने बिघडते, हे आपल्या पुनर्प्रशिक्षणांत कोणीतरी ठासून सांगावयास हवे.

पुनर्प्रशिक्षणाचा विषय निघालाच आहे म्हणून संघटनेच्या पदाधिकाऱ्यांस एक सूचना करतो; कडू वाटल्यास क्षमा असावी. आपल्या वार्षिक अधिवेशनात दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रायोजक औषध कंपन्यांची व्याख्याने यांत दुपार होते. त्यांतील एक सत्र काढून घ्यावे आणि जमिनीवर सतरंजी टाकून हृदयश्वसन पुनरुज्जीवनाचा सराव प्रत्येकाकडून करून घ्यावा. छातीच्या मध्यभागी, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास : हे ऐकून येत नाही. मी २०१६ साली पहिल्यांदा पुतळ्यावर सराव केला तेव्हा दोन मिनिटांत मनगटे भरून आली आणि शिकविणाऱ्या मुलीने, जी माझ्याहून वीस वर्षांनी लहान होती, शांतपणे सांगितले, "सर, तुमचे दाब निम्मेच खोल जात आहेत." निम्मेच! तोवर मला ते येते अशी माझी समजूत होती. औषधालयातील मदतनीस, परिचारिका, पंचकर्म करणारी मुले यांनाही या सरावास बसवावे, कारण आपल्या अनुपस्थितीत रुग्णाजवळ तीच असतात.

माझ्या चिकित्सालयात आता दाराशेजारी एक लाल पेटी टांगलेली आहे. तीत प्रौढ व लहान मुलांची अंबू बॅग, अॅड्रेनलिनच्या सहा कुप्या, पंचवीस टक्के ग्लुकोज, अॅस्पिरिन, सुया, ऑक्सिजनचा मुखवटा, ग्लुकोमीटर आणि जवळच्या चार रुग्णालयांत प्रतिविष व सी.टी. स्कॅन यांपैकी काय आहे ते लिहिलेला कागद आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पेटी उघडून मुदती पाहतो आणि त्या चारही ठिकाणी दूरध्वनी करून प्रतिविषाचा साठा विचारतो. दोनदा असे झाले आहे की कागदावर 'आहे' होते आणि प्रत्यक्षात संपलेले होते. सर्व खर्च एका साध्या पंचकर्म टेबलाच्या किमतीत बसला. कोणास यादी हवी असल्यास संपादकांमार्फत कळवावे. अॅड्रेनलिनची कुपी उजेडापासून जपावी लागते, म्हणून ती मूळ खोक्यातच ठेवावी आणि खोक्यावर मुदत मोठ्या अक्षरांत लिहावी.